उभं पीक, आडवं पीक

शनिवारी एका इंग्रज आजोबांनी माझ्या घोडदळाची चाल निम्मी केली, कारण काय तर मी बेसवर गवत आखूड लावलं. अजून डोकं फिरलेलंच आहे.

ज्यांना हे वेड माहीत नाही त्यांच्यासाठी: 28 मिलिमीटरचे नेपोलियनच्या काळातले सैनिक रंगवायचे, बेसवर, म्हणजे पायाखालच्या छोट्या चकतीवर, चिकटवायचे आणि टेबलावर फासे टाकून लढाई खेळायची. मी राहतो नॉटिंगहॅमजवळ, इकडे असल्या लोकांना तोटा नाही. मी केले फ्रेंच क्युरासिए, म्हणजे छातीवर चिलखत घालणारे जड घोडदळवाले. पायदळ परवडलं हो. घोडदळात माणूस रंगवून झाला की खाली अख्खा घोडा शिल्लकच असतो, त्याचे लगाम, पट्टे, खोगिरावरचं मेंढीचं कातडं, शिवाय कॉलरचा रंग रेजिमेंटप्रमाणे वेगळा, 1 ते 3 लाल, 4 ते 6 नारिंगी, 7 ते 9 पिवळा, 10 ते 12 गुलाबी. गुलाबी! अंगात लोखंड आणि कॉलर गुलाबी. ट्रंपेटरला पांढरा घोडा. बाकीचे सगळे एकाच तपकिरीत बुडवले तर ते एकाच आईचे दिसतात, म्हणून प्रत्येकाची छटा वेगळी काढली, एक तर मुद्दाम पंचकल्याणी केला, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही ते सोडा. मग बेसवर गोंद, वाळू, तपकिरी रंग, वर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग, शेवटी गवत. डोळ्यांची पार वाट.

तर वॉटर्लू मांडलेलं. आजोबांकडे इंग्रजांचे चौकोन, म्हणजे घोडदळाला अडवायला चौकोनात उभं केलेलं पायदळ, माझ्याकडे नेपोलियनचा मार्शल ने याच्या घोडदळाचा हल्ला. मी पट्टी घेऊन घोडे पुढे सरकवणार तेवढ्यात आजोबांनी खिशातून छोटा टॉर्च काढला आणि माझ्या बेसवर मारला.

"हे काय आहे?"

"गवत."

"तिथे गवत नव्हतं, यंग मॅन. राय होतं. माणसाच्या खांद्याएवढं."

राय म्हणजे गव्हासारखं एक उंच पीक. आणि मी चाळिशी ओलांडलीय, पण यंग मॅन. बरं. म्हटलं आजोबा, खांद्याएवढं राय लावलं तर घोडे दिसणार कुठे, नुसते हेल्मेटवरचे तुरे फिरताना दिसतील. ते म्हणाले, "एक्झॅक्टली. म्हणून उभ्या पिकातून चाल निम्मी."

आता मीही काही काल आलेलो नाही. नेचे हल्ले सुरू झाले दुपारी चारच्या सुमाराला, लढाई पेटलेली साडेअकराच्या आसपास, मधे हजारो माणसं आणि घोडे त्या शेतातून गेले, तोपर्यंत राय उभं राहील का? हे मी व्यवस्थित सांगितलं. आजोबांनी मान डोलावली, मला वाटलं जिंकलो.

"बरोबर. म्हणजे आडवं पाहिजे. तुझं तर उभं आहे. उभं आणि आखूड. असं पीक बेल्जियममध्ये कुठेच नव्हतं."

मग टॉर्च घोड्यांच्या पायांवर. आदल्या रात्रभर पाऊस होता, चिखल पोटापर्यंत हवा, हे घोडे फार स्वच्छ आहेत. चिखलाची आणखी चाल कापली. बाकीचे चहाचे कप घेऊन बघत उभे, एकजण बोलेल तर शपथ. माझे क्युरासिए त्या चौकोनांपर्यंत पोचलेच नाहीत, मधेच उभे राहून गोळ्या खात बसले.

खेळ संपल्यावर आजोबा एकदम गोड झाले. तू मूळचा कुठला? जालना. ते कुठे? म्हटलं, असई ऐकलंय का, 1803, तुमच्या वेलिंग्टनची शिंद्यांशी लढाई, ते आमच्याच जिल्ह्यात. आजोबा उठले, गाडीतून खोका घेऊन आले. अख्खी असईची फौज. आणि बेसवर काय? पिवळी वाळू आणि नारळासारखी पामची झाडं. मराठा घोडेस्वार म्हणजे लग्नाच्या वरातीतला बँड, एकाचा फेटा जांभळा, दुसऱ्याचा पोपटी.

मी म्हटलं, आजोबा, आमच्याकडे काळी माती आहे. लढाई 23 सप्टेंबरची, तेव्हा पावसाळा नुकता सरत असतो, सगळं हिरवंगार असतं, आणि असले नारळासारखे पाम नाहीत हो.

"इंडिया ड्राय असतो," आजोबा म्हणाले. मी जालन्याचा. हे मला सांगतात.

बेल्जियमचं राय किती वाजता आडवं झालं ते यांना ठाऊक, आणि मराठवाड्यात वाळवंट. त्यांच्या यादीत मराठा घोडदळ सगळ्यात स्वस्त, म्हणजे सगळ्यात कमी गुणांचं, पहिल्या वाईट फाशाला पळणारं. आता त्या दिवशी आपल्या घोडदळाने फार काही केलं नाही हे मलाही माहितीय, पण शिंद्यांच्या तोफांनी आणि कवायती पायदळाने वेलिंग्टनची दीड हजारांवर माणसं मारली नि जखमी केली, खुद्द त्याच्या डायोमेड नावाच्या घोड्याला भाला लागला, तो घोडा तरी दाखवा की कुठे. नाही. तोफा दोन ठेवल्यात, त्याही पामच्या सावलीत.

पुढच्या महिन्यात असई खेळायची ठरलीय. शिंदे मला दिलेत, "तुझं होमग्राउंड" म्हणून. मी हो म्हटलं, फक्त तेवढे पाम काढा म्हणून विनंती केली.

"काढले तर तो इंडिया वाटणार कसा?"