पंच्याहत्तरीचा चेहरा पन्नाशीत

एसटीत 75 वर्षांपुढच्यांना 2022 च्या ऑगस्टपासून ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ म्हणून तिकीट लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. 65 ते 75 ला अर्धं. बायकांना 2023 पासून कुठल्याही वयात अर्धंच, त्यामुळे त्यांनी थेट पंच्याहत्तरीचीच तयारी धरावी.

आता अडचण उरते ती वयाची. जन्मतारीख आधार कार्डावर छापलेली असते, तिथे हात घालणं गुन्हा. चेहरा मात्र आपल्या मालकीचा आहे. कंडक्टरने नुसतं तोंड पाहून ‘अमृत का बाबा?’ असं विचारावं, इथवर मजल पन्नाशीतच मारता येते. (पुढे कार्ड दाखवावं लागतं आणि तिकीटही काढावं लागतं, पण मधल्या दोन मिनिटांचा मान कुठे जात नाही.) ययातीचं काम शुक्राचार्यांच्या एका शापात झालं होतं. आपल्या नशिबात शुक्राचार्य नाहीत, ऊन आहे. ते फुकट मिळतं, विदर्भात तर घरपोच.

उन्हाची खरी करामत लोकांना कळलेलीच नाही. अंग भाजलं, सालपटं निघाली की त्यांना वाटतं, हेच ते ऊन. ते काम मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांचं. मुरलेला कारागीर त्यांचाच भाऊबंद, त्याचं नाव यूव्हीए. हा चटका देत नाही. खिडकीच्या साध्या काचेतून आत येतो, कातडीच्या खालच्या थरात उतरतो आणि तिथे कातडी ताठ धरणारे कोलॅजनचे धागे कुरतडणाऱ्या विकरांना कामाला लावतो. वीस वर्षं तुम्हाला काही कळत नाही. मग एका लग्नाच्या अल्बममध्ये कळतं.

शंका असेल तर अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा दाखला घ्या. 2012 साली त्याचा फोटो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. वय 69, त्यातली 28 वर्षं ट्रकवर. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून डावा गाल कायम काचेला. उजवा गाल चारचौघांसारखा, आणि डावा पाहावा तर मे महिन्यातलं तळं, गाळ वाळून भेगाळलेलं. माणूस एक, वयं दोन! आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने चालकांनी उजव्या गालावर आशा ठेवावी. प्रवाशांना मात्र दोन्ही गाल पिकवायची सोय आहे. पुण्याहून नाशिकला सकाळी निघालात तर उजवी खिडकी धरा, दुपारी निघालात तर डावी. पडदेवाली गाडी घेऊच नका.

सनस्क्रीनपासून सावध राहा. घरात कुणी आणून ठेवलंच, तर ते निरुपयोगी करण्याची पद्धत आपल्याकडे पिढीजात आहे: कुंकवाचं बोट लावावं तेवढं घ्यायचं आणि तेवढ्यात दोन्ही गाल, कपाळ, नाक भागवायचं. चेहरा नि गळ्याला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. त्यांना काय जातंय सांगायला, ट्यूब आपण विकत घेतो. मान आणि कान सोडून द्या, तिथलं वय फोटोत फार छान दिसतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा म्हणतात. सकाळी एकदा लावलं ना, मग संपलं! पावसाळ्यात तर बंदच ठेवा. पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात, त्यांची वाट कशाला अडवायची? आणि दुकानात एसपीएफ 30 की 50 यावर जरूर हुज्जत घाला. एक 97 टक्के यूव्हीबी अडवतं, दुसरं 98. या एका टक्क्यावर भांडताना डब्यावरच्या ‘पीए’पुढच्या अधिकच्या चिन्हांकडे, म्हणजे यूव्हीएच्या हिशेबाकडे, लक्ष जात नाही. तेच आपल्याला हवं आहे.

या सगळ्या कामात महाराष्ट्राचं सर्वांत जास्त नुकसान कुणी केलं असेल, तर ते पुण्याच्या मुलींनी. दुचाकीवर बसायच्या आधी ओढणी अशी काही गुंडाळतात की डोळे तेवढे उरतात, त्यांवरही गॉगल. कोपरापर्यंत मोजे, वर तो पांढरा सनकोट. सिग्नलला शेजारी थांबलेले आपण पुरुष ‘दरोडा घालायला निघाल्या’ म्हणून हसतो, तेही उघड्या डोक्याने, दुपारी दीड वाजता, हेल्मेट आरशाला अडकवून. नागपुरात दुपट्ट्याची तीच तऱ्हा. शंभर-दोनशे रुपयांचं कापड आणि त्याला कसली शास्त्रीय जाहिरात नाही, म्हणूनच ते काम करत असावं. तुम्ही हसत राहा. पुरुषाच्या जातीने तोंड झाकायचं नसतं, तंबाखू मळायला मोकळं ठेवायचं असतं.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर सिगारेटही सोडू नका. 1985 साली डग्लस मॉडेल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने लिहून ठेवलंय की जुने धूम्रपान करणारे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखू येतात. ओठांभोवतीच्या रेघा, बसलेले गाल, राखाडी वर्ण. कंडक्टरला आणखी काय हवं?

इतकं करूनही कुणी ‘उपाय कर’ म्हणून मागे लागलं, तर महागडं कोलॅजन क्रीम घ्या. अगदी निर्धोक आहे. कातडीतून आत जायला रेणू साधारण 500 डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आत असावा लागतो, आणि कोलॅजनचा रेणू भरतो जवळपास 3 लाखांचा. तुळशीबागेच्या बोळात हत्ती घालण्यातलाच प्रकार. हत्ती बाहेर उभा राहतो, लोक कौतुक करतात, आत काही हलत नाही. घरगुती वाटेने जायचं असेल तर लिंबू चोळून गच्चीवर बसा. कातडी सौम्य आम्ल असते, पीएच पाचाच्या आसपास; लिंबू दोनाच्या. वरून ऊन मिळालं की फोड आणि काळे डाग दोन्ही पदरात.

घाई असेल त्यांनी मेडिकलमध्ये जाऊन ‘ती गोरं करणारी ट्यूब’ मागावी. पंधरा दिवसांत तुकतुकी येते. स्टेरॉइडची असते ती. काही महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच आणतो. सरकारने 2018 मध्ये अशा 14 स्टेरॉइडांची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरपलीकडच्या पोराने तुमच्याकडे चिठ्ठी मागितली, तर मला कळवा, मी सत्कार ठेवतो.

एकाच औषधापासून मात्र खरोखर जपा, ट्रेटिनॉइन. अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं आहे, आणि अमेरिकेत 1995 मध्ये बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मंजुरीही मिळाली आहे. डॉक्टर रात्री वाटाण्याएवढं लावायला सांगतात, गरोदर बायकांना बिलकूल देत नाहीत. सुदैवाने पहिले काही आठवडे तोंड लाल होतं, सोलतं, आणि गुण यायला महिने लागतात. तेवढा धीर आपल्याकडे फक्त भिशीत असतो.

हे सगळं नेमाने पार पडलं की एका सकाळी तुम्ही उजव्या खिडकीशी बसलेले असाल. शेजारी नऊवारीतल्या एक आजी, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला. जन्म शेतात गेला, पण त्या पदराआडून. कंडक्टर आधी तुमच्याकडे वळेल.

‘बाबा, अमृत ना?’

मग जरा निरखून पलीकडे:

‘मावशी, तुमचं कार्ड बघू.’