शहरात हेल्मेट कशाला? फिरत असलेल्या एका मेसेजला उत्तर

चौकात पोलिसांनी जरा कडक तपासणी सुरू केली की पुण्यात एक मेसेज पुन्हा जिवंत होतो. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या जुन्या बॅचच्या, मग सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच. शहरात गाडी तीस-चाळीसच्या वर जातच नाही, म्हणून हेल्मेट हायवेवर ठीक, गावात नको. आधी खड्डे बुजवा. हेल्मेटने मान जाते, हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात. शिखांना सूट आहे, म्हणजे ते काही जीवनावश्यक नाही. सगळा खेळ दंडवसुलीचा. डोकं माझं आहे. आणि घालूनही माणसं मरतातच की!

जानेवारी २०१९ मध्ये शहरात सक्ती सुरू झाली तेव्हा हेल्मेट न घालता दुचाकी रॅली निघाली होती, तीही याच मुद्द्यांवर. त्यानंतर या यादीत नवं काही आलेलं नाही, त्यामुळे एकदा सविस्तर उत्तर देऊन ठेवलेलं बरं.

सगळ्यात वजनदार मुद्दा वेगाचा, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. टिळक रोडला संध्याकाळी सहा वाजता कोण साठने जाणार? कोणीच नाही. पण डोकं आपटतं ते फक्त गाडीच्या वेगाने नाही. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. गाडी सिग्नलला उभी आहे, मागून रिक्षाने हलका धक्का दिला आणि तुम्ही आडवे झालात, तर दीड मीटरवरून खाली येणारं डोकं रस्त्याला टेकताना ताशी जवळपास वीस किलोमीटरच्या वेगात असतं. गाडीचा वेग तेव्हा शून्य. शाळेतल्या गणिताने कोणीही हे काढू शकतं. आणि तीसच्या वेगात थेट समोरच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर गेलात, तर तो आघात साडेतीन मीटरवरून पडल्याइतका. चाळीसला तोच सहा मीटरच्या वर जातो, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून.

आता हेल्मेट नेमकं काय करतं ते बघा. घरातलं हेल्मेट उलटं धरा आणि आतलं मऊ अस्तर बाजूला करा. खाली काळा किंवा पांढरा थर्मोकोलसारखा थर दिसेल, अंगठ्याने जोरात दाबला तर किंचित दबणारा. खरं काम तो करतो, बाहेरचं चकचकीत कवच नाही. आपटल्यावर हा थर चिरडतो आणि डोक्याला थांबायला दोन-अडीच सेंटीमीटर जागा मिळते. उघड्या डोक्याला मिळते जेमतेम काही मिलिमीटर. त्या दीड मीटरच्या पडण्यात पाच मिलिमीटरमध्ये थांबलात तर मेंदूला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३०० पट, अडीच सेंटीमीटरमध्ये थांबलात तर ६० पट. हिशोब ढोबळ आहे, पण फरक काही ढोबळ नाही. (म्हणूनच एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसलं तरी बाद करायचं. चिरडलेला थर परत फुगत नाही.)

शिवाय ‘हायवेवर ठीक’ म्हणणाऱ्यांनी पुण्याचा नकाशा एकदा उघडावा. मुंबई–बंगळूरु हायवेचा कात्रज–देहूरोड बायपास आता शहराच्या पोटातून जातो. नऱ्हे-आंबेगावहून वारज्याला नोकरीला जाणारा माणूस रोज नवले पुलाच्या उतारावर ट्रकांच्या शेजारून जातो, आणि त्याच्या मते तो ‘गावातच’ गाडी चालवत असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये शहर आणि हायवे असा भेद नाहीच. सार्वजनिक ठिकाणी दुचाकीवर असाल तर हेल्मेट, आणि मागे बसणाऱ्यालाही.

मागे बसणाऱ्याचं तर आपण बोलतच नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट नसलेले ५०,०२९ मृत्यू नोंदले आहेत. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. स्वतः फुल फेस हेल्मेट घालून, आईला स्कार्फ बांधून मागे बसवणारे चिरंजीव कर्वे रोडला रोज दिसतात.

खड्ड्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. नव्याने डांबर टाकल्यावर रस्त्याच्या पातळीखाली गेलेली चेंबरची झाकणं, पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेले चर, पहिल्या पावसात उघडी पडलेली खडी, हे सगळं खरं. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? खड्डा आहे म्हणजे पडण्याची शक्यता जास्त, म्हणजे हेल्मेटची गरज जास्त. छप्पर गळतंय म्हणून कोणी हातातली छत्री फेकून देत नाही. आणि रस्त्यांसाठी भांडायचंच असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९८अ आलं आहे. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटच्या दंडावर पोटतिडकीने लिहिणाऱ्या त्या मेसेजमध्ये या कलमाचा उल्लेख मला कधीच सापडलेला नाही. खड्डे तिथे कारण म्हणून येतात, मागणी म्हणून नाही.

मानेचं म्हणाल तर हा मुद्दा हवेतून आलेला नाही. १९८६ साली अमेरिकेत एका अभ्यासाने असा दावा केला होता, की एका वेगाच्या पुढे हेल्मेटमुळे मानेची दुखापत वाढते. पुढे तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चाळीस हजारांवर अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासल्या. २०११ मध्ये त्यांनी जे मांडलं ते उलट होतं: हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याची इजा २२ टक्क्यांनी कमी. रोजच्या मानदुखीची तक्रार असेल तर हेल्मेटचं माप तपासा. ढगळ हेल्मेट डोक्यावर डुलत राहतं आणि ते सावरायला मान आखडते. ऐकू न येण्याबद्दल १९९४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने चालकांवर चाचणी केली, हॉर्न ओळखण्यात फरक पडला नाही. तसंही कानात इअरफोन खुपसून लक्ष्मी रोडवरून जाणाऱ्याने हा मुद्दा मांडू नये. केसांबद्दल मी काही बोलणार नाही. सुती रुमाल बांधा.

शिखांची सूट पगडीपुरती आहे आणि ती धार्मिक कारणाने दिली आहे. त्यात वैद्यकीय सल्ला शोधू नका.

दंडवसुलीबद्दल मी मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने बरंच अंतर चालायला तयार आहे. चौक ओलांडल्यावर वळणाआड उभं राहून फोटो काढायचा, चलन थेट मोबाइलवर पाठवायचं, आणि त्याच चौकात उलट्या दिशेने येणारा मात्र सुटायचा, हे चित्र चुकीचं नाही. ते संताप आणणारंच आहे. तपासणी ठरावीक आठवड्यापुरती असते, त्यामुळे लोकही हेल्मेट कोपरात अडकवून फिरतात आणि अलका चौक दिसला की डोक्यावर ठेवतात. पण पोलिसांची पद्धत वाईट आहे यावरून हेल्मेट वाईट ठरत नाही. त्यांच्यावर रागावून आपण आपलंच डोकं उघडं ठेवतो. आणि महसुलाचं म्हणाल, तर हा असा एकच कर आहे जो कोणालाही शून्यावर आणता येतो.

‘डोकं माझं’ हा मात्र प्रामाणिक मुद्दा आहे, आणि बाकी सगळे मुद्दे खरं तर याच्याच आडोशाला उभे आहेत. सरकारने प्रौढ माणसाला स्वतःपासून किती वाचवावं? यावर मतभेद असू शकतात. माझं मत सक्तीच्या बाजूने आहे, कारण समजावून सांगण्याचा प्रयोग आपण अनेक वर्षं करून पाहिला आहे. व्हिएतनाम बघा. हनोई म्हणजे पुण्यासारखंच स्कूटरचं, गर्दीचं, कमी वेगाचं शहर. तिथे १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर सगळ्यांना सक्ती झाली आणि हेल्मेटचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. आधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने यांच्या वीस रुग्णालयांमधल्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा अपघातात डोक्याला इजा होण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १८ टक्क्यांनी उतरला होता. उलटा प्रयोगही झालाय. अमेरिकेतल्या टेक्ससने १९९७ मध्ये प्रौढांवरची सक्ती काढली, पुढच्या पहिल्या पूर्ण वर्षात मोटारसायकलवरचे मृत्यू १९९६ च्या तुलनेत ३१ टक्क्यांनी वाढले. आणि डोकं तुमचं असलं तरी आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसणारे वेगळे असतात, पैसे उभे करणारेही वेगळे.

राहिला शेवटचा मुद्दा, घालूनही माणसं मरतात. मरतात. २००८ साली ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो. शंभर टक्के असं कोणीच म्हटलेलं नाही. पण आपल्याकडे ‘घातलं होतं’ म्हणजे काय घातलं होतं, हेही विचारायला हवं. फुटपाथवर दोन-तीनशे रुपयांना मिळणारी ती अर्धी टोपी हेल्मेट नसते. आत थर्मोकोलचा थरच नसतो, पातळ फोम आणि प्लास्टिकची वाटी, मागे आयएसआयचं स्टिकर. १ जून २०२१ पासून आयएसआय प्रमाणित नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी ती उघड विकली जाते. खऱ्या हेल्मेटवर आयएसआय चिन्हासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो.

आणि पट्टा. सिग्नलला शेजारी बघा, चांगलं महागडं हेल्मेट घातलेल्या कितीतरी जणांचा पट्टा हनुवटीखाली मोकळा लोंबत असतो. पहिल्या धक्क्यालाच ते हेल्मेट एकीकडे जातं आणि माणूस दुसरीकडे, मग पंचनाम्यात हेल्मेट सापडल्याची नोंद होते आणि मेसेजला नवा पुरावा मिळतो. घरीच करून बघा: पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा, मग मागच्या कडेला धरून हेल्मेट वर आणि पुढे ओढा. डोळ्यांवरून सरकून निघून आलं तर एक माप लहान घ्या.