टोक खाल्लं की "कापून टाका"? आधी मशीन सेट करा!

"थिकनेस मशीन टोक खातेच भाऊ, दोन्हीकडून तीन-तीन इंच कापून टाका." यवतमाळ असो, चंद्रपूर असो की गडचिरोली, सुतारकामाच्या कोणत्याही शेडमध्ये जा, हे ज्ञान फुकट मिळतं. थिकनेस मशीन म्हणजे फळी सारख्या जाडीची रंधून देणारी मशीन, आणि टोक खाणं म्हणजे फळीच्या टोकांशी तिनं जरा जास्त कापून खड्डा पाडणं. अरे बाप्पा, कापून काय टाका? ते बल्लारशाच्या डेपोतलं सागवान आहे, जळणाची बाभूळ नाही. याच भागातला साग 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला आणि इथं त्याची टोकं चुलीत चालली. तीन फुटांच्या फळीतून सहा इंच गेले म्हणजे सहावा हिस्सा गेला. दीड फुटाचा तुकडा असेल तर तिसरा हिस्सा! घनफुटाचे पैसे घेताना डेपोवाला सोडतो का कोणाला सहावा हिस्सा?

आणि दोष कोणावर ढकलायचा? व्होल्टेजवर. आपल्याकडं व्होल्टेज पडतं, रोज पडतं, पण त्याची खूण वेगळी असते राजेहो! व्होल्टेज पडलं की मोटर मंदावते, फळी पात्याखाली अडते आणि मधेच कुठंतरी आडवा पट्टा किंवा करपल्याचा काळा डाग उमटतो. घरातून शेडपर्यंत बारीक वायर ओढली असेल तर ते आणखी वाढतं, तिथं निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका. पण खड्डा दर वेळी टोकापासून त्याच दोन-तीन इंचांवर पडत असेल तर त्यात विजेचा काही संबंध नाही. पात्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक असे फळी धरून ओढणारे रोलर असतात. रोलर आणि पात्यामध्ये जेवढं अंतर, जवळपास तेवढाच लांब खड्डा. फळी आत शिरताना फक्त अलीकडच्या रोलरनं धरलेली असते, बाहेरचा भाग खाली लोंबतो, म्हणून आतलं टोक उचलून पात्याला भिडतं. निघताना तेच उलट. दोन्ही रोलरांनी धरल्यावर मधला भाग सपाट निघतो. एवढं साधं आहे!

म्हणजे पहिला इलाज टेबलाचा. प्लग काढा, हेड (पातं आणि रोलर बसवलेला वरचा भाग) वर घ्या आणि फळी आत घालायच्या व बाहेर निघायच्या दोन्ही टेबलांवरून पात्याखालच्या मधल्या बेडपर्यंत एक लांब अल्युमिनियमची पट्टी टाका. पट्टी स्वतः सरळ आहे का ते आधी बघा: तिच्या कडेनं रेघ मारा, पट्टी उलटवा, त्याच कडेनं पुन्हा रेघ मारा. दोन रेघांत फट दिसली तर ती पट्टी कामाची नाही. आता टेबलाखालच्या बोल्टचे लॉकनट ढिले करून दोन्ही बाहेरची टोकं बेडच्या पातळीपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर वर घ्या. बाहेरचं टोक खाली झुकलेलं असलं की खड्डा पडणारच. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची बारीक पाती, मोटारसायकलच्या कोणत्याही मेकॅनिककडं मिळतो, अंदाजानं करू नका. नट आवळल्यावर पुन्हा मापा, आवळताना टेबल हमखास हलतं. अर्ध्या तासाचं काम आहे हे, आणि मशीन विकणारा ते करून देत नाही. खोक्यातून काढली, प्लग लावला, आवाज ऐकवला, चालला!

हेडला लॉक असेल तर प्रत्येक फेरीआधी लावा. छोट्या मशीनमध्ये एकाच रोलरवर दाब आला की हेड स्वतःच जरासं तिरपं होतं, लॉक त्यासाठीच दिलंय.

बिडाच्या मोठ्या मशीनवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. बेडमधले खालचे रोलर कोणीतरी वर चढवून ठेवलेले असतात, कारण ओबडधोबड लाकूड तसं सहज सरकतं. मग त्याच सेटिंगवर दाराच्या पल्ल्याच्या पट्ट्या काढायच्या आणि टोकं खाल्ली म्हणून बोंबलायचं. फिनिशिंगसाठी ते रोलर बेडच्या वर 0.05 ते 0.1 मिलिमीटर, बस्स. मागचा प्रेशर बार (पात्याच्या पलीकडं फळी दाबून धरणारी पट्टी) वर राहिला तर शेपटाकडून खड्डा, फार खाली गेला तर फळीच अडते. तो पात्याच्या सगळ्यात खालच्या टोकाच्या रेषेत हवा.

सगळ्यात जास्त संताप येतो तो हाताखालच्या पोराला "दाबून धर" सांगणाऱ्यांचा. काऊन दाबतो बे? बाहेरचं टोक दाबलं की आतलं टोक पात्यात जातं! उलट करायचं. फळी घालताना मागचं टोक इंचभर उचलून धरा, पलीकडच्या रोलरनं पकडली की सोडा. निघताना पुढचं टोक तसंच उचला. आणि उभं राहायचं ते बाजूला, फळीच्या सरळ मागं नाही, ती कधीही मागं फेकली जाऊ शकते. सहा-सात फुटांची फळी असेल तर पुढं-मागं रोलर स्टँड लावा.

शेवटची फेरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घेऊ नका. एका दमात सूतभर काढायचा हट्ट धरला की पातं फळीला जोरानं ओढणारच. लोखंडी रोलरवरचा चीक टर्पेंटाइननं पुसा. पावसाळ्यात बेडवर गंज चढतो, तो घासून काढा आणि वर मेणबत्ती फिरवा. तेल लावू नका, लाकडावर डाग पडतो आणि पॉलिश धरत नाही. मे महिन्यात वाकलेली फळी तशीच घातली तर रोलर तिला दाबून सरळ करतात, बाहेर आली की ती पुन्हा वाकडी. आधी एक बाजू रंध्यानं सरळ करून घ्या.

एवढं करूनही केसभर खड्डा राहिलाच, तर सारख्या जाडीच्या फळ्या एकामागं एक टोकाला टोक भिडवून घाला, म्हणजे पहिलीचं डोकं आणि शेवटचीचं शेपूट एवढंच बिघडेल. एकच तुकडा असेल तर दोन्ही लांब कडांना त्याच जाडीच्या भंगार पट्ट्या चिकटवा, पुढं-मागं तीन-तीन इंच जास्त ठेवून. मशीन खाईल ती भंगार पट्टी.

आणि नवी मशीन घ्यायला जाल तेव्हा दोन फुटांची सरळ फळी सोबत न्या. दुकानातच चालवून बघा, टोकाशी पट्टी ठेवून खाली फिलर गेज घाला. गेजचं 0.1 मिलिमीटरचं पातं आत शिरलं तर दुकानदाराला तिथंच टेबल सेट करायला लावा, त्याआधी पैसे देऊ नका.