रॉकेट ८८, जीटीओ आणि तुमचा ‘अर्धवट’ हा शब्द

नमस्कार. जीटीओ या अमेरिकी गाडीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “पाँटिअ‍ॅक जीटीओला पहिली मसल कार म्हणणं हे अर्धवट वाचून लिहिणाऱ्यांचं काम. १९४९ची ओल्ड्समोबाइल रॉकेट ८८ कुठे गेली? हॉर्सपॉवरचे आकडेही फुगवलेले, आणि लेख उगाच लांबवलाय.”

रॉकेट ८८ आधीची, आणि हलक्या बॉडीत दमदार व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवायची मसल कारची मूळ कल्पनाही तिच्यात होती, एवढं मान्य. पण ‘अर्धवट वाचून’? माझं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगा. मी किती वाचलंय ते तुम्हाला कुठून कळलं? उमेदीची वर्षं मी मिशिगनमध्ये गाड्यांच्याच कामात काढली. शेजाऱ्याच्या ६५च्या जीटीओचे तिन्ही कार्ब्युरेटर त्याच्याबरोबर खोलले, साफ केले, परत बसवले. साध्या चालीत मधला एकटाच काम करतो. पेडल दाबत नेलं की बाजूचे दोन उघडतात, आवाज बदलतो आणि पाठ सीटला चिकटते. ती गाडी मला नुसती फोटोतून ठाऊक नाही.

आता ‘पहिली’ का, ते. १९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सने पाँटिअ‍ॅकसह आपल्या सगळ्या विभागांना रेसिंगमधून अंग काढून घ्यायला लावलं. पाँटिअ‍ॅकने तर आपली नवी ओळखच रेसिंगवर उभी केली होती. त्यात मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचा दंडक. तिथल्या जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या अभियंत्यांनी मोठ्या पाँटिअ‍ॅकमधलं ३८९ घन इंचांचं इंजिन टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत घालायचं ठरवलं, कारण तिच्यातल्या ३२६ घन इंचांच्या इंजिनाच्या जागी ते सहज बसत होतं. दंडक नव्या मॉडेलला होता, म्हणून १९६४ची जीटीओ आली टेम्पेस्टच्याच लमाँ मॉडेलवरचं, जादा पैसे भरून घ्यायचं ऑप्शन म्हणून, तेही तीनशे डॉलरच्या आत! विभागप्रमुख पीट एस्टेस यांनी जबाबदारी अंगावर घेतली. पाच हजारांपेक्षा जास्त गाड्या खपणार नाहीत, यावर विक्रीवाले अडून बसले होते. त्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

म्हणजे स्वस्त, मोठ्या इंजिनाची गाडी तरुण पोराला थेट शोरूममधून मिळू लागली. रॉकेट ८८ १३५ हॉर्सपॉवरची होती; चांगली गाडी, पण तिच्यामागे अशी रांग लागली नाही. जीटीओपाठोपाठ त्याच वर्षी ओल्ड्समोबाइलची ४-४-२ आली, मग ब्यूइकची ग्रॅन स्पोर्ट, मग शेवरलेची शेवेल एसएस ३९६. स्वतःच्याच कंपनीतल्या भावंडांना जिची नक्कल करावी लागली, तिला पहिली म्हणायचं नाही तर कोणाला? ही गोष्ट लेखात होती. तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत, असं आता मलाही म्हणता येईल.

लेखातले ३२५ आणि ३४८ हे हॉर्सपॉवरचे आकडे कंपनीने छापलेले, ग्रॉस आहेत, म्हणजे इंजिन गाडीबाहेर, नेहमीच्या जोडण्यांशिवाय चालवून मोजलेले. १९७२च्या आधी डेट्रॉइटमध्ये सगळेच तसे मोजत. लेखाच्या लांबीवर मला काही बोलायचं नाही.

पुन्हा लिहिणार असाल तर जरूर लिहा, पण गाडीबद्दल लिहा. माझ्या वाचनाची झडती घ्यायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही.