थाळनेरचा किल्लेदार बंडखोर नव्हता

यंदा २७ फेब्रुवारीला मुद्दाम थाळनेरला गेलो. शिरपूरला काम होतं, ते उरकलं आणि गाडी तिकडे वळवली. तापीकाठी मातीचा उंच टेकाडासारखा किल्ला, मधूनच बुरुजाचं उरलेलं बांधकाम, खाली संथ पाणी. बाभळीच्या सावलीत शेळ्या घेऊन बसलेल्या बाबांनी विचारलं, "काय देखाले उनात भाऊ?" म्हटलं, किल्ला. ते म्हणाले, "किल्ला कोठे ऱ्हायना आते, मातीच ऱ्हायनी."

थाळनेर म्हटलं की लोकांना फारुकी सुलतानांच्या कबरी आठवतात. त्या पाहाव्यात अशाच आहेत. पण मी गेलो होतो तुळशीराम मामांसाठी, होळकरांच्या शेवटच्या किल्लेदारासाठी.

डिसेंबर १८१७. होळकरांच्या गादीवर दुसरे मल्हारराव, वय जेमतेम अकरा. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी क्षिप्रेच्या काठी मारलं आणि दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. होळकरांकडून तात्या जोग, इंग्रजांकडून माल्कम. राजपूत राजांवरचे हक्क गेले, दरबारात इंग्रज रेसिडेंट आला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, म्हणजे आपला खानदेश, कंपनीला देऊन टाकला.

इंदूर संस्थान पुढे १९४८ पर्यंत टिकलं. राजवाडे झाले, कापडगिरण्या झाल्या. इंदूरला गेलो की मलाही ते शहर आवडतं. पण ते संस्थान म्हणून ज्या कागदावर वाचलं, त्याच कागदावर आपण तोडून दिले गेलो, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

तहानंतर ५२ दिवसांनी सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरला पोचली. त्याने निरोप धाडला की किल्ला तहाने आमचा झालाय, खाली करा, नाहीतर तुम्हाला बंडखोर समजू. आतून जबाब आला तो गोळ्यांचा. दिवसभर तोफा चालल्या. किल्ल्याला एकामागे एक पाच दरवाजे. बाहेरचे दरवाजे पडल्यावर किल्लेदार स्वतः दिंडी दरवाजातून बाहेर आला आणि इंग्रजांच्या हाती लागला. आत मात्र अरब शिबंदी होती. शेवटच्या दरवाजाशी बोलणं चालू असताना ना यांची भाषा त्यांना कळली, ना त्यांची यांना. झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग फौज आत घुसली आणि सुमारे ३०० माणसं कापून काढली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामांना बुरुजावर फाशी दिलं.

हातात आलेल्या माणसाला फाशी! आरोप कोणता, तर धन्याविरुद्ध बंड. होळकरांचा किल्ला होळकरांसाठी लढवणारा माणूस होळकरांचाच बंडखोर ठरला. तह झाला सातपुड्यापलीकडे, मंदसोरला. दारात उभी असलेली फौज शत्रूची. तो जे सांगतो ते खरं मानून किल्लेदाराने किल्ल्या द्यायच्या? मग किल्लेदार ठेवायचा कशाला?

मार्च १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीवरून तिथे वाद झाला. हिस्लॉपचे आभार मानले, पण थाळनेरच्या किल्लेदाराची फाशी त्यातून वगळून. म्हणजे ही गोष्ट त्यांच्या पार्लमेंटला खटकली. आणि आपण? १८१८ म्हटलं की आपल्यासमोर शनिवारवाडा येतो, कोरेगाव येतं, आष्टी येतं. थाळनेर येत नाही. त्याच उन्हाळ्यात मालेगावच्या किल्ल्यातली अरब शिबंदी जूनपर्यंत झुंजली, तेही येत नाही.

होळकरशाहीचं मी गुणगान करत नाहीये. १८०२ मध्ये होळकरांच्याच फौजेने खानदेश उजाड केला, मागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावंच्या गावं ओस पडली. इथल्या कुणब्याला इंदूरबद्दल प्रेम वाटावं असं फार काही उरलं नव्हतं. ते अरबही पगारी शिपाई. पण म्हणून त्या संध्याकाळचा अन्याय कमी होत नाही.

किल्ल्यावर एक दगड बसवावा. वर तारीख, तुळशीराम मामांचं नाव, आणि खाली त्या तीनशे शिपायांचा उल्लेख. धर्म-जात न बघता. थाळनेरच्या शाळेतल्या पोरांना वर्षातून एकदा तिथे न्यावं, पाच दरवाजे कुठे होते ते गावातल्या म्हाताऱ्यांनी दाखवावं. खर्च किरकोळ आहे. वर्गणी काढायची वेळ आली तर पहिली माझी.

तुमच्या घरात थाळनेरच्या लढाईची पिढीजात ऐकलेली काही गोष्ट असेल तर खाली लिहा. अहिराणीत लिहिलीत तर फारच छान. पुढच्या २७ फेब्रुवारीला सकाळी नऊला मी हार घेऊन किल्ल्यावर असेन.