डोळा आहे हो, जागेवरच आहे!

"अगं, डोळ्याला काय झालं?" या आठवड्यात चौथ्यांदा! काही झालेलं नाही काकू, वर फक्त केस आहेत. इमो कट म्हणतात. मामी म्हणते तिरळी होशील. शेजारचे काका टकलावर तीन केस आडवे चिकटवून मला विचारतात, "हे काय ध्यान?" आणि आजी! हिच्या लग्नाच्या फोटोत कपाळभर साधना कट आहे. १९६०च्या दशकातली झुलपं म्हणजे फॅशन, माझी म्हणजे अवदसा?

पार्लरवाल्या ताईंची तर कमालच. फोटो दाखवला, झूम करून दाखवला. एका बाजूला तिरकी झुलपं, डोक्यावर आखूड थर, खाली पातळ लांब टोकं. "कळलं, कळलं." आणि कापलं काय? स्टेप कट! वर "तुझ्या चेहऱ्याला हेच शोभतं." मग फोटो कशाला बघितलात?

त्यात जुलै. अर्धा तास स्ट्रेटनरने केस भाजा, दाराबाहेर पडलं की दमट हवेत पुन्हा शेवया. (तेल लाव म्हणे. झुलपांना. तेल!)

काळा टीशर्ट घातला की लगेच, "ब्रेकअप झालं का गं?" कालचं तर कहर, "स्थळाला फोटो पाठवताना तरी दोन्ही डोळे दिसू देत."

कुठलं स्थळ? सतरा वर्षांची आहे मी!