‘काही लागलं तर सांग’ एवढ्याने भागत नाही

नव्या आईला आधार द्या, असं एका लेखात वाचलं, ते पटलंच. पण रात्रीतून चार वेळा उठलेल्या बाईला आपल्याला काय लागतंय हे ठरवायचंही त्राण नसतं. म्हणून नेमकं विचारा: ‘उद्या चार ते सहा बाळाला मी बघते, तू झोपशील का?’ बाळाचं पिऊन झाल्या झाल्या पोचलात तरच तिला सलग झोप मिळते, नाहीतर अर्ध्या तासात पुन्हा उठावं लागतं.

रडू येण्याबद्दल मात्र सावध राहा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच भरून येणं बहुतेकींना होतं, दोन आठवड्यांत ते ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही हिला झोप लागेना, तर मैत्रिणींनी ‘होतं गं असं सगळ्यांना’ म्हणत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं. तिथे बरेचदा बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची, १९८७ सालची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतात. १० प्रश्न, सगळे गेल्या ७ दिवसांबद्दल. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. असे विचार ती बोलून दाखवत असेल, तर बाकी कितीही ठीक वाटो, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही.